तिसऱ्या वर्षाकडे बघून ठरव

तीन विद्यापीठांनी अर्थशास्त्राच्या पीएच.डी.ला घेतलं, हे ऐकून फार आनंद झाला गं. आता आत्याचं एवढं ऐक, आज कुणालाही ‘हो’ कळवू नकोस. स्टायपेंडसह प्रवेश दिलेल्या विद्यार्थ्यावर १५ एप्रिलच्या आधी उत्तराची सक्ती करायची नाही, असं अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांनी आपसांत ठरवलेलं आहे. कुणी घाई केलीच तर नम्रपणे ती तारीख सांग. मात्र जिथे जायचं नाही हे नक्की झालं, तिथे लगेच नकार कळव. तिथल्या वेटिंग लिस्टवरची एखादी मुलगी रोज मेल उघडून बघत असते, आणि तिची जागा तुझ्या नावावर अडकलेली असते.

घरातले सगळे नावावरून बोलतील. नावाला किंमत नाही असं मी म्हणणार नाही. प्राध्यापकीची पहिली नोकरी मिळताना विभागाचं नाव मोजलं जातं, आणि दोन विभागांत खरोखर मोठं अंतर असेल तर वरच्या विभागात जावं. पण तुझ्या हातातली तिन्ही साधारण एकाच पायरीवरची आहेत. अशा वेळी क्रमवारीतला चार-पाच जागांचा फरक विसरून जा आणि एकच प्रश्न धरून बस: तिसऱ्या वर्षी मी तिथे कुणाच्या दारात उभी असेन?

पहिलं वर्ष सगळीकडे जवळपास सारखंच असतं. मायक्रो, मॅक्रो, इकॉनोमेट्रिक्स, आठवड्याला गृहपाठाचे ढीग, आणि मग प्रिलिम्स, म्हणजे पात्रता परीक्षा. दुसऱ्या वर्षी आपापल्या शाखेचे कोर्स. तोवर वेळापत्रक असतं, सोबतीला वर्ग असतो, कुणीतरी परीक्षा घेत असतं. तिसऱ्या वर्षी हे सगळं एकदम थांबतं. आता प्रश्न स्वतः शोधायचा, विदा स्वतः मिळवायची, आणि महिनाभर काही सुचलं नाही तरी विचारणारं कुणी नसतं. प्रिलिम्स पहिल्या फटक्यात पास झालेली हुशार मुलं इथेच हरवतात. त्यांना त्या काळात दर पंधरा दिवसांनी समोर बसवून ‘काय केलंस, दाखव’ म्हणणारं माणूस मिळालेलं नसतं.

म्हणून गाईडचा विचार करताना एका मोठ्या नावावर जाऊ नकोस. ते सर रजेवर जातील, दुसरीकडे जातील, निवृत्त होतील. तरुण असिस्टंट प्रोफेसर वेळ भरपूर देतात, पण टेन्युअर, म्हणजे कायमची नेमणूक, मिळाली नाही तर त्यांनाच बाहेर पडावं लागतं. तुझ्या आवडीच्या विषयात किमान तीन जण हवेत, आणि त्यातले दोन तरी टेन्युअर मिळालेले. शिवाय तुझी आवडही बदलेल. मॅक्रो करायला गेलेली किती तरी मुलं लेबर किंवा डेव्हलपमेंट करून बाहेर पडतात. तेव्हा शेजारच्या दोन शाखाही बऱ्या आहेत ना, ते बघ.

मार्चमध्ये ते भेटीला बोलावतील. व्हिसाची वेळ जमली नाही तर व्हिडिओवर हजर राहा, पण राहाच. प्राध्यापक त्या दिवशी छानच बोलतात. खरी माहिती तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांकडे असते, तीही एकेकट्याशी बोललीस तर. ‘इथे बरं वाटतं का?’ असं विचारू नकोस, सगळे ‘हो’ म्हणतात. गाईडबरोबर शेवटचे कधी बसलात? तुमचा मसुदा त्यांनी किती दिवसांत वाचला? विद्यार्थ्यांच्या सेमिनारला किती प्राध्यापक येतात? प्रिलिम्सला किती संधी मिळतात, आणि नापास झालेल्याला मास्टर्स देऊन घरी पाठवतात का? हे विचार. उत्तराआधी समोरचा जरा थांबला, तर ते थांबणंही लिहून ठेव.

प्रत्येक विभाग आपल्या मुलांना कुठे नोकऱ्या लागल्या त्याची यादी देतो. त्यातलं सर्वांत वरचं नाव बघून हुरळू नकोस, ते मूल कुठेही गेलं असतं तरी चमकलं असतं. यादीच्या मधल्या भागाकडे बघ, कारण आपण बहुतेक जण तिथलेच असतो. आणि सहा वर्षांपूर्वी किती जण आत आले होते ते कोऑर्डिनेटरला विचार. वीस आले आणि यादीत अकराच दिसत असतील, तर उरलेल्या नऊ जणांचं काय झालं हे विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे. शेवटच्या वर्षी जॉब मार्केट पेपर, म्हणजे नोकरीसाठी दाखवायचा शोधनिबंध, घेऊन तू बाजारात उतरशील, तेव्हा विभाग किती पाठीशी उभा राहतो तेही विचार. सरावाच्या मुलाखती घेतात का? प्लेसमेंट पाहणारे प्राध्यापक तुझ्यासाठी फोन उचलतात का?

आता पैसा. यात संकोच करू नकोस. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास तिथेच ठेवून त्यांना परतावं लागलं. पुन्हा लंडन गाठायला १९२० उजाडलं, डी.एस्सी. मिळाली १९२३ मध्ये. तेवढ्या बुद्धीच्या माणसाचीही वर्षं पैशाच्या मुदतीने खाल्ली. आणि गाईड कसा असावा तेही त्याच गोष्टीत आहे. त्यांचं प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचं पुस्तक १९२५ मध्ये निघालं, तेव्हा त्याला प्रस्तावना लिहिली कोलंबियातले त्यांचे गाईड सेलिगमन यांनी. विद्यार्थी विद्यापीठ सोडून किती वर्षं झाली होती बघ.

तेव्हा पत्र नीट वाच. हमी पाच वर्षांची आहे का, आणि सहावं लागलं तर काय? कारण सहावं पुष्कळांना लागतं. स्टायपेंड बारा महिन्यांचा की नऊ? नऊचा असेल तर उन्हाळ्याचं भाडं कुठून देणार? आरोग्य विमा आणि फी ते भरतात का? पहिल्या वर्षी शिकवायला लावतात का? एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत आणि तेही कॅम्पसवरच काम करता येतं. टीएच्या, म्हणजे शिकवण्यात मदत करण्याच्या, कामातच ते तास संपतात, वरकमाई होत नाही. मोठ्या शहरातला जास्त स्टायपेंड भाडं वजा केल्यावर छोट्या गावातल्यापेक्षा कमी भरू शकतो, म्हणून भाडं वजा करूनच आकडे शेजारी मांड. एकीकडचं पत्र दाखवून दुसरीकडे ‘थोडं वाढवता येईल का’ विचारणं रीतीला धरून आहे. जिथे स्टायपेंडच नाही, तिथे कर्ज काढून जायचं नाही. यावर माझ्याशी वाद घालू नकोस.

थंडीचं मनावर घेऊ नकोस, जाड कोट मिळतो.

ठरलं की तुझ्यासाठी शिफारसपत्रं लिहिणाऱ्या सरांना आणि मॅडमना आधी कळव, मग नातेवाइकांना. विद्यापीठाकडून आय-२० हा प्रवेशाचा दाखला मागवायला उशीर करू नकोस, त्याच्याशिवाय व्हिसाची मुलाखत होत नाही. आणि ऑगस्टमध्ये मॅथ कॅम्प सुरू होण्याआधी रिअल अ‍ॅनालिसिसची वही पुन्हा काढ. रोज दोन सिद्धता पुस्तक मिटून लिही.