भाद्रपदातील वापसा आणि पिकांची मुळे

श्रावणात पावसाने दीर्घ उघडीप द्यावी, काळ्या रानाला भेगा पडाव्यात, आणि भाद्रपदात एका रात्रीच्या मुसळधार पावसाने तेच रान तुडुंब भरावे, हा प्रकार सेलू तालुक्यातील वालूर व त्याच्या शिवाराला लागून असलेल्या गावांच्या कास्तकारांस नवा नाही. परंतु अशा पावसानंतर कपाशीची झाडे पाण्यात उभी असूनही मलूल होऊ लागली म्हणजे पुष्कळांची नजर पानांकडेच वळते आणि फवारणीचा पंप बाहेर निघतो. दोष बहुधा जमिनीखाली असतो. तलाठ्याच्या दप्तरात पीकपाहणीला रकाना आहे, मुळांच्या पाहणीला नाही. ती तजवीज ज्याची त्यानेच करावयाची असल्यामुळे, या दिवसांत आठवड्यातून एकदा तरी दोन-चार झाडे मुळांसकट उपटून पाहावीत.

मुळाच्या अग्रावर मूलटोपी असते; मातीत घुसताना ती स्वतः झिजते आणि आतील कोवळ्या पेशींचे रक्षण करते. तिच्या मागे वाढीचा भाग, आणि त्याच्याही मागे ते सूक्ष्म मूलरोम, ज्यांच्या द्वारे पाणी व त्यात विरघळलेले क्षार झाडात शिरतात. मूलरोमांचे आयुष्य फार थोडे, म्हणून टोक सतत वाढत राहिले पाहिजे; वाढीला प्राणवायू हवा, आणि पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानाने सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. पाण्यात उभे असलेले झाड तहानेने सुकते याचा खुलासा हाच. आपली चिकण काळी माती भिजली की फुगून आपली छिद्रे बुजविते, वाळली की आकसून बारीक मुळे तोडते; म्हणजे उघडीप आणि अतिवृष्टी या दोहोंचा मार एकाच मुळावर बसतो.

तेव्हा पाऊस थांबताच पहिले काम चर काढून साचलेले पाणी शेताबाहेर घालविण्याचे. खत, औषध, सर्व त्यानंतर. कपाशीत आकस्मिक मर दिसताच, एक-दोन दिवसांच्या आतच, १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम पांढरा पोटॅश व २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड मिसळून प्रत्येक झाडाच्या बुडाशी सुमारे १०० मिलि द्रावण ओतावे. वापसा येताच हलकी कोळपणी करावी. चिखलात औत घालणाऱ्याने मात्र आपल्याच हाताने माती दाबून मुळांची कोंडी केली असे समजावे.

सोयाबीनच्या मुळांवरील गाठी नखाने फोडून पाहाव्यात. आत गुलाबी रंग असला तर हवेतील नत्र बांधणारे जिवाणू कामावर आहेत, अशा शेतात युरियाचा खर्च निष्कारण होय. गाठी पांढुरक्या वा हिरवट निघाल्या तर जिवाणू निष्क्रिय आहेत, आणि पुढील पेरणीत बीजप्रक्रियेची कसूर होऊ देऊ नये.

मुळांची रूपे अनेक आहेत. तुरीचे सोटमूळ खोल जाते, ज्वारी खालच्या पेऱ्यांतून आधारमुळे सोडून उभी राहते, रताळे हे अन्नसंचयाने फुगलेले मूळच होय. हळदीचा कंद मात्र मूळ नव्हे, ते भूमिगत खोड. पावसाने उघडे पडलेले कंद मातीची भर देऊन झाकले नाहीत तर कंदमाशी तेथेच अंडी घालते. मुळाच्या सामर्थ्याविषयी ज्याला शंका असेल त्याने जुन्या दगडी बांधकामाच्या सांध्यात रुजलेला पिंपळ पाहावा. वालूरची चक्राकार बारव ज्यांना प्रिय आहे त्यांनी असली रोपे वीतभर असतानाच काढून टाकावीत.

सोयाबीन निघाल्यावर त्या रानात हरभरा घ्यावयाचा असेल, तर बियाण्यास प्रथम बुरशीनाशक व शेवटी रायझोबियम लावावे, १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम या प्रमाणात, आणि ते सावलीत सुकवून लगेच पेरावे. हरभऱ्यास पाणी द्यावयाचे ते भेगा पडण्यापूर्वी, हलके, आणि शक्यतो तुषार संचाने. भेगाळलेल्या रानात पाट सोडल्यास पाणी भेगांतून खोल मुरून मुळांभोवती साचते, पीक पिवळे पडते आणि मर वाढते.