पशुपालन आणि ग्रामीण स्त्री : श्रम व अधिकार

महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागात पाऊस हुलकावणी देतो, त्या वर्षी शेताने न दिलेले चार पैसे गोठा देतो. हा गोठा प्रामुख्याने घरातील स्त्री सांभाळते. पहाटे शेण काढणे, वैरण कापून आणणे, जनावरांना पाणी दाखवणे, आंबोण कालवणे, वासरांची जोपासना करणे ही कामे बहुतेक घरांत तिच्याकडेच असतात. परंतु ती घरकामाचाच भाग समजली जात असल्याने त्यांचा हिशेब कोणी ठेवत नाही.

शेळीपालनाचीही तीच कथा. २०१९ च्या पशुगणनेनुसार राज्यात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या होत्या. भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबांचा तो मोठा आधार आहे. शेळीचा गर्भकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो आणि उस्मानाबादी शेळी अनेकदा जुळी करडे देते. त्यामुळे थोड्या भांडवलात कळप वाढतो व अडीअडचणीला एखादे बोकड विकता येते. मात्र विक्रीचा व्यवहार आणि आलेली रक्कम बहुधा पुरुषाच्या हाती असते.

ज्ञान पोहोचते कोणापर्यंत ?

श्रम एकाचे व प्रशिक्षण दुसऱ्याला, या विसंगतीमुळे होणारे नुकसान एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. गाय साधारणपणे दर २१ दिवसांनी माजावर येते. माजाची लक्षणे दिसू लागल्यापासून सुमारे १२ ते १८ तासांत कृत्रिम रेतन करणे हितावह असते. सकाळी माज दिसला तर त्याच दिवशी सायंकाळी आणि सायंकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे, असा संकेत आहे. गाईचे हंबरणे, अस्वस्थता, सोट टाकणे हे प्रथम लक्षात येते ते गोठ्यात वावरणाऱ्या स्त्रीच्या. परंतु मेळाव्यास तिला बोलावलेले नसते, डॉक्टरांना निरोप धाडण्याचा निर्णयही तिचा नसतो. घरधनी परगावी असला की वेळ निघून जाते. तो माज हुकला म्हणजे आणखी तीन आठवडे वाट पाहणे आले. तेवढ्या दिवसांची वैरण खर्च होते आणि पुढचे वेतही लांबते.

नावाचा प्रश्न

दुसरी अडचण नावाची आहे. दूध संस्थेचे सभासदत्व पतीच्या नावे असेल, तर दुधाचे पैसे त्याच्याच खात्यात जमा होतात. सातबाऱ्यावर नाव नसल्याने कर्जाची वाटही अनेक स्त्रियांना बंद वाटते. वास्तविक किसान क्रेडिट कार्डाची सुविधा २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने पशुपालकांनाही खुली केली. स्वतःच्या वा भाड्याच्या गोठ्यात दुभती जनावरे पाळणारे शेतकरी आणि स्वयंसहाय्य गट तिला पात्र आहेत. पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावण्यासाठी राज्य शासनाने १९९२ मध्ये ‘लक्ष्मी मुक्ती’ योजना आणली. तरतुदी आहेत; त्यांची माहिती मात्र चुलीपर्यंत व गोठ्यापर्यंत पोहोचलेली नाही.

गावपातळीवर काय करता येईल ?

यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. पशुपालनाचे वर्ग गावातच आणि धारेच्या वेळा टाळून, दुपारच्या प्रहरी भरवावेत. पावसाळ्यापूर्वी घटसर्प व फऱ्या रोगांच्या लसीकरणाची सूचना दवंडीबरोबरच महिला बचत गटांनाही द्यावी. ‘पशुसखी’ म्हणून प्रशिक्षण घेतलेल्या महिलांना ग्रामपंचायतीने साहाय्य करावे. दूध संस्थांनी जनावरे सांभाळणाऱ्या स्त्रीला सभासद करून घ्यावे व रक्कम तिच्या खात्यात जमा करावी. शिक्षकांनी पालकसभेत बँकेचे अर्ज समजावून दिले, तरी पुष्कळ काम होईल.

पशुधन म्हणजे धन, असे आपण म्हणतो. ते धन जी वाढवते, तिचे नाव संस्थेच्या नोंदवहीत, बँकेच्या पुस्तकात आणि मेळाव्याच्या निमंत्रणात आले पाहिजे. येत्या ग्रामसभेत हा विषय घेऊन गावातील दूध संस्थेच्या सभासद यादीत स्त्रियांची नावे किती, एवढे जरी पाहिले, तरी पुढील कामाची दिशा आपोआप स्पष्ट होईल.