पाड्यावरचा वर्ग आणि एक मोबाइल



तलासरी तालुक्यातील आमच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गाला तीन वर्षांपूर्वी एका हितचिंतकांनी प्रोजेक्टर दिला. पहिल्याच दिवशी मी मराठी कवितेचा व्हिडिओ लावला. मुले टक लावून बघत होती. मला वाटले, जमले! दुसऱ्या दिवशी विचारले, तर चाल सगळ्यांना पाठ, अर्थ एकालाही सांगता येईना. घरी वारली बोलणाऱ्या मुलांना मी पुस्तकी मराठीच दाखवली होती, फक्त भिंतीएवढी मोठी करून.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडमुळे ते सर्वांना माहीत झाले. पण त्यांच्या शाळेतील मुलींची घरची भाषा कन्नड होती आणि ती ते आधी शिकले, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. मला ती फार उशिरा कळली.

त्यानंतर पद्धत बदलली. पाड्यावर रेंज नाही, म्हणून बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेलो की पुढच्या आठवड्याचे सगळे उतरवून आणतो. दीक्षा ॲपमधील पाठ एकदा उतरवले की नेटशिवाय चालतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर (2015 पासून) चित्रगोष्टी मोफत मिळतात, त्यांचे भाषांतर करायलाही मुभा आहे. आम्ही आधी फक्त चित्रे दाखवतो. मुले गोष्ट वारलीत सांगतात, मोबाइलवर ती रेकॉर्ड होते. मोठी मुले ऐकून देवनागरीत लिहितात. मराठी मजकूर शेवटी येतो, आणि तेव्हा शब्द अडला तरी अर्थ अडत नाही. स्वतःचा आवाज ऐकताना होणारा गोंधळ मात्र आवरावा लागतो!

खरा प्रश्न दिवाळीनंतरचा. कुटुंबे वीटभट्टीवर जातात, मुलेही जातात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतलेल्या मुलाला पुन्हा बाराखडीपासून बसवावे लागते. गेल्या वर्षी आम्ही सात घरांना गोष्टी व पाठ भरलेली मेमरी कार्डे दिली. तीन कार्डांवर परत आली ती सिनेमाची गाणी. दोन घरांत मोबाइल बापाच्या खिशात, तो रात्री भट्टीवर. एक कार्ड हरवले. एक मुलगी मात्र रोज धाकट्या भावाला गोष्ट लावून देत होती, पुस्तकावर बोट ठेवून. जूनमध्ये ती चौथीत बसली. अडखळत वाचते, पण मागे गेलेली नाही.

सातात एक. हिशेब असा मांडायला संकोच वाटतो, तरी देणगीदारांना तो कळावा.

यंदा मोबाइल घराला न देता मुलाच्याच हाती द्यायचा विचार आहे. सिम नसलेला, सोबत सौर दिवा, ज्यावर तो चार्ज होईल. दिवाळीपूर्वी निदान दहा मोबाइल हवेत. आपल्याकडे जुना पडून असेल तर कळवा. काच फुटलेली चालेल, आवाज मात्र नीट हवा.