धरणाखालची नदी

पालघर जिल्ह्यातील सूर्या नदी सह्याद्रीच्या डोंगरांत उगम पावते आणि पश्चिमेकडे वाहत जाऊन वैतरणेस मिळते. धामणी येथे तिच्यावर मोठे धरण बांधलेले आहे. त्याचे पाणी शेतीला मिळते; तसेच पालघर, बोईसर-तारापूर व वसई-विरार या भागांची तहानही ते भागवते. धरणाच्या पायथ्याशी एक लहान जलविद्युत केंद्रही आहे.

उंचावरून येणाऱ्या पाण्याच्या जोराने केंद्रातील चक्र फिरते आणि वीज उत्पन्न होते. विजेची मागणी दिवसभर सारखी नसते. मागणी वाढली की पाणी अधिक सोडावे लागते. ती घटली की पाणी कमी केले जाते. म्हणून अशा केंद्राखालची नदी पावसावाचूनही फुगते आणि ओसरते. रायगड जिल्ह्यात याचे ठळक उदाहरण आहे. मुळशीच्या जलाशयाचे पाणी घाट उतरून भिरा येथील वीजकेंद्रात येते. 1927 साली सुरू झालेल्या या केंद्रातून ते पुढे कुंडलिका नदीत जाते. त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही कोलाडजवळ ही नदी काही तास वेगाने वाहते.

कॅनडासारख्या थंड देशांत हिवाळ्यात नद्या गोठतात व लोक बर्फावरून ये-जा करतात. बर्फाचा थर खालच्या पाण्यावर टेकलेला असतो. वीजकेंद्रामुळे पाणी खाली गेले, की थराचा आधार सुटतो व त्याला तडे जातात. वाहत्या पाण्यामुळे तो जागोजाग पातळही राहतो. वरून मात्र सारे घट्ट दिसते. तेथील बर्फ आणि आपल्याकडील कोरडे खडक, दोन्ही माणसाला सारखेच फसवतात.

8 जून 2014 रोजी हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्रात हैदराबादचे काही विद्यार्थी उतरले होते. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडले गेले. बघता बघता खडक बुडाले आणि 24 विद्यार्थी वाहून गेले. पाऊस नाही म्हणजे पूर नाही, ही समजूत किती घातक आहे हे त्या दिवशी दिसून आले.

म्हणून धरणाखालच्या गावांतील मुलामाणसांनी काही गोष्टी कायम ध्यानात ठेवाव्यात. भोंगा वाजला किंवा दवंडी ऐकू आली, की पात्रातून तत्काळ बाहेर यावे. भोंगा ऐकू आला नाही, तरी पाणी गढूळ होणे, काटक्या-पाने वाहत येणे, दुरून घोंघावणे ऐकू येणे आणि काठचे दगड बुडू लागणे, या खुणा ओळखाव्यात. कपडे, भांडी वा मासळीचे जाळे गोळा करण्यात क्षणही दवडू नये. सरळ उंच काठ गाठावा. कोणी वाहून जात असल्यास पाण्यात उडी न घेता दोर किंवा रिकामा डबा त्याच्याकडे फेकावा आणि मोठ्यांना हाक मारावी.

नदी आपल्याला पाणी देते, वीज देते, अन्न देते. तिच्या काठी राहणाऱ्याने तिची चालही ओळखली पाहिजे. जाळे गेले तर पुन्हा विणता येते; गेलेला जीव परत येत नाही.