वाद्यावाचून स्तोत्रगायन

पेटी-तबला नाही म्हणून आमच्या मंडळीत गायन होत नाही, असे कित्येक बंधू म्हणतात. ही सबब टिकत नाही. शेवटल्या भोजनानंतर प्रभू व शिष्य गीत गाऊनच जैतुनांच्या डोंगराकडे गेले (मत्तय २६:३०). तेथे वाद्याचा उल्लेख नाही. जिनीव्हातील मंडळ्याही वाद्यावाचून, सर्व मिळून एकाच चालीत गात; १५६२ साली त्यांची १५० ही स्तोत्रे पद्यरूपाने छापून निघाली. लोकांस चाली ठाऊक नव्हत्या, म्हणून कॅल्व्हिनाने १५३७ सालीच सुचविले होते की, प्रथम मुलांस शिकवावे. मुलांनी स्पष्ट गावे, वडिलांनी ऐकत ऐकत हळूहळू सामील व्हावे. १६४५ च्या वेस्टमिन्स्टर उपासनाविधीत तर निरक्षरांकरिता एकाने ओळ वाचावी, मग सर्वांनी ती गावी, अशी सोय आहे. स्कॉटलंडच्या लुइस बेटावरील गेलिक मंडळ्या अद्यापि जवळजवळ तसेच गातात. उपदेशकाने आरंभी सूर मात्र खालचा धरावा. उंच धरिला तर दुसऱ्या कडव्यास वृद्धांचा आवाज पोहोचत नाही.