कर्णधाराचे मन : फ्रिट्झ वाल्टर यांची खेळविषयक दृष्टी

खेळात नाव मिळविणारा मनुष्य उपजतच धीट असतो, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. वर्गातील बुजरा मुलगा क्रीडांगणाच्या कडेला उभा राहतो व शिक्षकही त्यास तेथेच राहू देतात, याचे मूळ पुष्कळदा या समजुतीत असते. १९५४ साली विश्वचषक जिंकणाऱ्या पश्चिम जर्मन फुटबॉल संघाचे कर्णधार फ्रिट्झ वाल्टर यांचे चरित्र या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

वाल्टर यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १९२० रोजी कायझर्सलाउटर्न या गावी झाला. आईवडील तेथील फुटबॉल संघाचे उपाहारगृह चालवीत असल्याने चेंडूशी त्यांची ओळख बालपणीच झाली. १९४० साली रुमानियाविरुद्धच्या पहिल्याच आंतरराष्ट्रीय सामन्यात त्यांनी तीन गोल केले. तथापि एवढे कौशल्य अंगी असूनही ते मनाने अतिशय हळवे होते. सामन्यापूर्वी त्यांना स्वस्थता नसे. पराभव झाला की सारा दोष ते स्वतःकडे घेत.

युद्धाने त्यांची खेळाची उमेदीची वर्षे हिरावून घेतली. १९४५ साली ते युद्धकैदी म्हणून रुमानियातील सिगेत येथील छावणीत होते. तेथून कैद्यांची रवानगी सोव्हिएत प्रदेशात होत असे, आणि तिकडे गेलेला मनुष्य परत येईलच याची शाश्वती नव्हती. एके दिवशी पहारेकरी फुटबॉल खेळत असता वाल्टरही त्यांच्यात सामील झाले. एका हंगेरियन पहारेकऱ्याने त्यांना ओळखले. १९४२ साली बुडापेस्ट येथे जर्मनीने हंगेरीवर ५-३ असा विजय मिळविला, तो सामना त्याने पाहिला होता! रवानगीच्या यादीतून वाल्टर यांचे नाव वगळले गेले व त्याच वर्षी ते घरी परतले. ही हकीकत त्यांनी पुढे अनेकदा सांगितली. ज्याच्या देशाला आपण हरविले, त्यानेच आपणांस ओळखून वाचविले, ही गोष्ट त्यांना जन्मभर विसरता आली नाही. (हा प्रसंग वर्गात सांगताना नकाशावर सिगेत व बुडापेस्ट ही दोन्ही स्थळे दाखवावीत, त्यावाचून त्यातील मर्म मुलांच्या ध्यानी येणार नाही.)

१९५४ च्या स्पर्धेपूर्वी जेमतेम महिनाभर आधी त्यांच्या कायझर्सलाउटर्न संघाचा राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यात हॅनोव्हरकडून ५-१ असा दारुण पराभव झाला. टीकेस ऊत आला. राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झेप हेर्बेर्गर यांनी मात्र त्या पराभूत संघातील पाच खेळाडू कायम ठेवले आणि कर्णधारपदही तेहतीस वर्षांच्या वाल्टर यांच्याकडेच ठेवले. याहून सूक्ष्म गोष्ट पुढेच आहे. स्वित्झर्लंडमधील श्पीत्स येथे मुक्काम असता हेर्बेर्गर यांनी वाल्टर यांच्या खोलीत हेल्मुट रान या विनोदी, बेफिकीर खेळाडूची व्यवस्था केली. चिंतातुर मनास उपदेशापेक्षा हसरा सोबती अधिक उपयोगी पडतो, हे त्या प्रशिक्षकाने जाणले होते. वर्गात कोणास कोणाशेजारी बसवावे याचा विचार करणाऱ्या शिक्षकास या युक्तीचे मोल वेगळे सांगावयास नको.

प्राथमिक फेरीत हंगेरीने जर्मनीचा ८-३ असा धुव्वा उडविला. त्या दिवशी हेर्बेर्गर यांनी काही प्रमुख खेळाडूंना विश्रांती दिली होती. परंतु मायदेशी संतापाची लाट उसळलीच. ४ जुलै रोजी बेर्न येथे अंतिम सामन्यात पुन्हा हंगेरीच समोर उभी होती. पावसाची संततधार लागली होती. युद्धकाळात जडलेल्या हिवतापामुळे वाल्टर यांना उष्मा सोसत नसे. उलट ओल्या मैदानावर त्यांचा खेळ खुलत असे. पावसाळी हवेला जर्मन लोक ‘फ्रिट्झ वाल्टर हवा’ म्हणू लागले ते याचमुळे. पहिल्या आठ मिनिटांतच हंगेरीने दोन गोल केले. ते दोन्ही अठराव्या मिनिटापर्यंत फिटले, आणि अखेरची सहा मिनिटे उरली असता विजयाचा गोल झाला. तो करणारा, कर्णधाराच्या खोलीतील तो हसरा रान होता.

त्याच वर्षी वाल्टर यांनी ‘३:२’ या नावाने त्या विजयाची कथा लिहिली. खेळ हे एकट्याचे कर्तृत्व नव्हे, ही त्यांची भूमिका होती आणि आचरणही तसेच होते. स्पेनमधील एका संघाने मोठी रक्कम देऊ केली असताही त्यांनी गावचा संघ सोडला नाही. राष्ट्रीय संघातर्फे ६१ सामन्यांत त्यांनी ३३ गोल केले. मात्र त्यांची खरी ख्याती इतरांना गोल करण्याची संधी निर्माण करून देण्याबद्दल होती.

निवृत्तीनंतर हेर्बेर्गर यांच्या नावाने १९७७ साली स्थापन झालेल्या प्रतिष्ठानातर्फे ते तुरुंगांस भेटी देऊ लागले. कैद्यांशी, विशेषतः तरुण कैद्यांशी, ते खेळाविषयी व आयुष्याविषयी बोलत. १७ जून २००२ रोजी त्यांचे निधन झाले. कायझर्सलाउटर्न येथील क्रीडांगणास त्यांचे नाव त्यांच्या हयातीतच, १९८५ साली, देण्यात आले होते.