शौर्यपदक कशासाठी मिळतं?

परवा परिपाठात एका शूर सैनिकाची गोष्ट झाली. चौथीतल्या एकाने विचारलं, "बाई, पदक मिळायला किती शत्रू मारावे लागतात?" चूक त्याची नाही. आपण गोष्टीच तशा सांगतो. म्हणून दुसऱ्या दिवशी वर्गात एका खऱ्या पदकाची माहिती दिली. तीच इथे देते.

सोव्हिएत संघाने १७ ऑक्टोबर १९३८ रोजी 'झा अत्वागू' हे पदक सुरू केलं. याचा अर्थ 'धाडसासाठी'. चांदीचं गोल पदक, वर तीन विमानं, मध्ये लाल अक्षरं, खाली रणगाडा. चित्र पाहून वाटतं, हे फक्त लढणाऱ्यांसाठीच असणार.

पण जून १९४१ मध्ये जर्मनीने हल्ला केला आणि २३ ऑगस्टला सैन्यात एक आदेश निघाला. रणांगणातून १५ जखमींना त्यांच्या बंदुकांसह बाहेर आणणाऱ्या शुश्रूषा सैनिकाला हे पदक किंवा 'युद्धसेवेसाठी' असलेलं पदक द्यावं. २५ जखमी आणले तर त्याहून वरचा सन्मान, ४० ला आणखी मोठा आणि ८० जणांना आणलं तर 'ऑर्डर ऑफ लेनिन'. म्हणजे हिशोब मारलेल्यांचा नाही, वाचवलेल्यांचा!

हे काम सोपं नव्हतं. गोळीबार चालू असताना सरपटत जायचं, जखमीला ओढत आणायचं, वर चार किलोची बंदूक. आणि हे काम करणाऱ्यांत कितीतरी तरुण मुली होत्या.

त्यातलीच एक झिनाइदा तुस्नोलोबोवा. तिने १२८ जखमींना रणांगणातून बाहेर काढलं. आमच्या वर्गाचा पट ३२. मुलांनी लगेच गुणाकार केला, "बाई, आपल्यासारखे चार वर्ग!" फेब्रुवारी १९४३ मध्ये जखमी कमांडरच्या मदतीला जाताना ती स्वतः जखमी झाली आणि बर्फात पडून राहिली. हिमदंशामुळे तिला हात-पाय गमवावे लागले. तेव्हा ती जेमतेम बावीस वर्षांची होती. पुढे तिने संसार केला, मुलं वाढवली. १९५७ मध्ये तिला 'सोव्हिएत संघाची वीर' हा किताब आणि १९६५ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल पदक मिळालं.

एक गोष्ट मात्र मुलांपासून लपवू नये. याच झिनाइदाने १९४४ मध्ये आघाडीवरच्या सैनिकांना आपला सूड घ्यायला सांगणारं पत्र लिहिलं होतं. युद्ध माणसाचं काय करतं, हेही त्यांना कळायला हवं.

उपक्रम : मुलांना घरी विचारायला सांगा, "आपल्या घरात कुणी कुणाला वाचवलंय का?" आमच्या वर्गात विहिरीत पडलेलं वासरू काढणारी आजी सापडली. पुठ्ठ्याचं पदक तिलाच दिलं. ज्याने तो प्रश्न विचारला होता, त्यानेच ते बनवलं.